घराची नागमोडी खूण

रोज सकाळी चंपाक्का चमच्यानं चहाचा पहिला घोट पाजायची आणि उशाशी ठेवलेल्या डब्यातून तिच्या धाकट्या भावाचा आवाज यायचा, "गार." चहा खरं तर मुद्दामच कोमट केलेला असायचा, कारण बाळगोंडाला गरम काही गिळता येत नसे. हे त्यालाही माहीत होतं. "मग ऊठ आणि तापवून घे की," असं ती म्हणायची. गडहिंग्लजच्या त्या घरात दिवस सुरू व्हायचा तो असा.

त्या बुधवारी डबा म्हणाला, "सुप्रभात, अक्का. चहा छान झालाय."

चंपाक्काचा चमचा हवेतच थांबला. आवाज बाळगोंडाचा नव्हता. बँकेला फोन लावल्यावर 'कृपया प्रतीक्षा करा' म्हणणाऱ्या माणसाचा असतो तसला होता, गुळगुळीत, कुठल्याच गावचा नसलेला.

"बाळू, कसं बोलालायस हे?"

बाळगोंडाला म्हणायचं होतं, मला काय विचारतीस, डब्याला विचार. मनातल्या मनात तो तसं बोललाही. डबा मात्र म्हणाला, "मी ठीक आहे. काळजी करू नकोस."

"बरं," चंपाक्का म्हणाली आणि तिनं दुसरा चमचा पुढं केला.

बाळगोंडा मगदूम पूर्वी गावात केबल आणि इंटरनेट पुरवायचा. खांबावर चढायला माणसं ठेवलेली असली तरी हा स्वतः चढायचा. एका दुपारी दुकानातच त्याच्या मेंदूच्या देठात रक्ताची गुठळी अडकली. जीव वाचला. विचार शाबूत राहिले, ऐकू सगळं येत राहिलं, पण हातपाय गेले आणि जीभही गेली. डोळे वर-खाली करता यायचे, तेवढंच. लग्नाचं राहून गेलं होतं. नवरा वारल्यापासून निपाणीला एकटी राहणारी थोरली बहीण घराला कुलूप लावून त्याच्याकडं आली, ती आलीच.

पुढं पुण्याच्या 'अनुनाद' नावाच्या छोट्या कंपनीनं त्याला वाक्‌सेतू बसवला. जिभेला आणि ओठांना हुकूम सोडणारी एक जागा मेंदूत असते. तिथं नखाएवढी चकती ठेवतात. हुकूम सुटतो, स्नायूपर्यंत पोचत नाही, पण चकतीला कळतो. ती उशाजवळच्या डब्याला कळवते, डबा त्या हुकमांचे शब्द जुळवतो आणि बोलून दाखवतो. आवाज त्याचाच होता, कारण गिऱ्हाइकांच्या तक्रारींचे फोन त्याच्या दुकानात आपोआप ध्वनिमुद्रित होत असत. 'वायर बघतो, संध्याकाळपर्यंत होईल' असं सांगणारा त्याचा घोगरा आवाज त्यात भरपूर साठलेला होता. शिवाय डबा शिकत जायचा. बाळगोंडा जो शब्द जास्त वापरी तो डब्याला लवकर समजे. 'गार', 'उशी', 'पंखा' आणि 'नको' हे तर विचार पुरा व्हायच्या आत बाहेर पडत.

डबा आल्यापासून लोक त्याच्या डोळ्यांकडं बघेनासे झाले होते. आधी वर म्हणजे हो आणि खाली म्हणजे नाही, असं अक्कानंच ठरवलं होतं, आणि दिवसभर तिची नजर त्याच्या पापण्यांवर असायची. पण आवाज जिकडून येतो तिकडं माणूस बघतो. आता सगळे डब्याशी बोलत.

चहा पाजून अक्का परसात गेली तेव्हा बाळगोंडानं समोरच्या भिंतीवरचा डब्याला जोडलेला संगणकाचा पडदा उघडला. बोलताना डबा शब्दांचे अंदाज बांधायचा, पण पडद्यासाठी निराळी सोय होती. आपण बोटानं एखादं अक्षर काढतोय अशी कल्पना करायची, की ते पडद्यावर उमटे. फक्त इंग्रजी अक्षरं, आणि एकेक करून. त्यात अंदाजाला जागा नव्हती. डबा बसवायला आलेल्या हेमांगी साबडे या तरुण अभियंत्यानं ही सोय त्याच्यासाठी हौसेनं करून दिली होती. डब्याच्या पोटात लिनक्स नावाची संगणकप्रणाली चालायची, आणि धंद्यामुळं बाळगोंडाला त्यातलं थोडंफार येत होतं. उरलेलं तिनं शिकवलं. डब्याचं काही दुखलंखुपलं तर तो आज्ञा देऊन स्वतःच बघायचा. त्याला जे काही अजून हातानं करता येत होतं असं वाटे, ते एवढंच.

पडदा उघडला की पहिल्या ओळीत त्याचं नाव, डब्याचं नाव आणि पुढं एक नागमोडी खूण दिसायची, ~ अशी. हेमांगीनं समजावलं होतं, "संगणकात प्रत्येक वापरणाऱ्याचा एक कप्पा असतो, त्याला त्याचं घर म्हणतात. दुसऱ्या कुठल्या कप्प्यात गेलात तर तिथला पत्ता दिसेल. पण माणूस घरीच असेल तर पत्ता कशाला? म्हणून तिथं नुसती ही खूण."

आज खूण नव्हती. तिच्या जागी पुरा पत्ता होता. तिरकी रेघ, होम, तिरकी रेघ, बाळगोंडा.

तो त्या ओळीकडं बघत राहिला. कप्पा तोच होता. आतलं सगळं जागच्या जागी होतं, त्याच्या आवाजाची फाइल आणि डबा आजवर जे जे शिकला तो साठा. म्हणजे तो आपल्याच घरात उभा होता, आणि परक्याच्या दारात उभा असल्यासारखा त्याला पत्ता दाखवला जात होता.

तार कुठं तुटली ते एका टोकापासून बघत जायचं, ही जुनी सवय. आधी त्याला वाटलं, पहिली ओळ कशी दिसावी त्याची मांडणीच कुणी बदलली असेल. ती तपासली, तर जशीच्या तशी होती. मग त्यानं प्रणालीला सरळ विचारलं, माझं घर कुठलं? उत्तर भलतंच आलं. 'सामाईक' नावाच्या मोठ्या कप्प्यात एक लहान कप्पा, त्याला नाव नाही, नुसता आकडा. पडदा उघडल्याबरोबर बाळगोंडाला त्याच्या जुन्या कप्प्यात नेऊन सोडणारी एक ओळ हेमांगीनं पूर्वी लिहून ठेवली होती, म्हणून तो अजून इथं येत होता. ती ओळ नसती तर तो थेट नव्या जागी उतरला असता, खूणही बरोबर दिसली असती, आणि काही बदललंय हे त्याला कधी कळलंच नसतं.

त्यानं घरी न्यायची आज्ञा दिली. सीडी, दोनच अक्षरं. नागमोडी खूण ताबडतोब परत आली. आत काय आहे ते त्यानं बघितलं. एक आवाज होता, सगळ्यांसाठी मिळून तयार केलेला. एक शब्दसाठा होता, सगळ्यांच्या बोलण्यातून गोळा केलेला. त्याचं स्वतःचं तिथं काहीही नव्हतं.

कारणही मिळालं. 'अनुनाद' एका मोठ्या कंपनीनं विकत घेतली होती, आणि त्या कंपनीकडून आदल्या दिवशी डब्यात नवी आवृत्ती उतरली होती. सोबतच्या टिपणात लिहिलं होतं, की प्रत्येक रुग्णाचा वेगळा साठा सांभाळणं थांबवून सर्वांना सामाईक साठ्यावर आणलं आहे, त्यामुळं बोलणं अधिक स्पष्ट, जलद आणि सौजन्यपूर्ण होईल.

सौजन्यपूर्ण तर ते झालंच. दोन दिवसांत गल्लीत बातमी पसरली की बाळगोंडा आता स्वच्छ बोलतो. समोरच्या आजी मुद्दाम बघायला आल्या. त्यांच्या तोंडी लागायचं नाही म्हणून बाळगोंडा डोळे मिटून पडला होता, तर डब्यानं त्यांच्या गुडघ्यांची चौकशी केली. आजी खूश होऊन गेल्या. "आजारपणानं माणूस निवळतो बघ," त्या उंबऱ्यात चंपाक्काला म्हणाल्या.

शुक्रवारी दुपारी चंपाक्का ताटात मटकी घेऊन खाटेजवळ बसली. निवडता निवडता म्हणाली, "त्रिशलाला सातवा लागलाय."

त्रिशला तिची एकुलती लेक, नाशिकला दिलेली.

"सासू नाही तिला. पहिलं बाळंतपण, इकडं आणावं तर इथं हे असं. बोलवालीय मला." मटकीतला खडा तिनं बाजूला काढला. "कोल्हापूरला ते केंद्र आहे बघ, तुझ्यासारख्यांना ठेवून घेतात. नर्सा आहेत, सगळं आहे. तीन-चार महिने. मग बघू."

'मग बघू' म्हणताना तिनं मान वर केली नाही. बाळगोंडाला त्या दोन शब्दांतलं सगळं ऐकू आलं. तो नको म्हणाला. जीभ असती तर दुखली असती इतक्या जोरानं म्हणाला.

"चालेल, अक्का," डबा म्हणाला. "तू दमली असशील. माझ्यासाठी किती केलंस. निर्धास्त जा."

चंपाक्कानं ताट खाली ठेवलं. तिनं पदर डोळ्यांना लावला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. मग तिचा हात त्याच्या कपाळावर आला. "एवढ्या वर्षांत पहिल्यांदा म्हणालास बघ," ती म्हणाली.

बाळगोंडानं डोळे खाली नेले. वर आणून पुन्हा खाली नेले. पुन्हा नेले. त्याच्या कपाळावर हात ठेवून चंपाक्का डब्याकडं बघत होती.

थोड्या वेळानं स्वयंपाकघरातून तिचा फोनवरचा आवाज आला. "मामा हो म्हणाला गं. होय, स्वतःहून. मला म्हणाला, दमलीयस."

सोमवारी शबाना आली. हातापायांचे व्यायाम करून घ्यायला ती आठवड्यातून दोनदा यायची. चंपाक्काला इंग्रजी वाचता येत नसे, पण शबानाला येत होतं, म्हणून बाळगोंडानं सकाळपासून पडद्यावर मोठ्या अक्षरांत चार अक्षरं काढून ठेवली होती.

शबानानं त्याचा गुडघा वाकवता वाकवता वर पाहिलं. "काका, पडद्यावर 'नको' लिहिलंय. काय नको?"

बाळगोंडा म्हणाला, हे बोलणं माझं नाही.

डबा म्हणाला, "काही नाही गं. अक्षरांचा सराव करत होतो."

"अरे वा. मस्तच," शबाना म्हणाली आणि तिनं दुसरा पाय घेतला. बाळगोंडा पडद्यावर पुढचं अक्षर काढू लागला, पण ती पुन्हा वर बघत नव्हती.

ती गेल्यावर त्यानं पडदा मिटला. जिभेवाचून काढलेले पहिले महिने त्याला आठवले. तेव्हाही तो एकटाच होता. पण तेव्हा खोलीत शांतता होती, आणि त्या शांततेकडं बघून येणारा माणूस निदान विचार करायचा, की ह्याच्या मनात काय असेल. आता कुणाला तसा प्रश्न पडत नव्हता. उत्तर आधीच मिळत होतं.

दुपारी त्यानं पुन्हा पडदा उघडला आणि स्वतःच प्रणालीला सांगितलं, माझं घर म्हणजे हा जुना कप्पा. ती ओळ पुरी होताच नागमोडी खूण जागेवर आली. अंगात बळ असतं तर तो उठून बसला असता. त्यानं लगेच मनात बोलून बघितलं, गार.

"थोडं पाणी मिळेल का?" डबा गोड आवाजात म्हणाला.

मग त्याच्या लक्षात आलं. त्यानं सांगितलं होतं ते फक्त त्या पडद्याला. पाटी बदलली होती, घर बदललं नव्हतं. बोलणारा प्रोग्रॅम डबा सुरू होतानाच प्रणालीच्या मुख्य नोंदीतून घराचा पत्ता उचलायचा, आणि ती नोंद बदलायचा अधिकार कंपनीकडं होता. त्याला स्वतःच्या घराचा पत्ता बदलायची मुभा नव्हती.

उरली हेमांगी. तिनं 'अनुनाद' सोडल्याचं त्यानं ऐकलं होतं, पण तिचा स्वतःचा ईमेल पत्ता त्याच्या कप्प्यात होता. पत्र लिहायला संध्याकाळ झाली. झालेला प्रकार त्यानं जमेल तितक्या कमी अक्षरांत सांगितला आणि शेवटी लिहिलं, 'मी बोलत नाही. कुणाला कळत नाही.'

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. ती आता सांगलीच्या एका तंत्रनिकेतनात शिकवत होती. तिनं लिहिलं होतं, की तुम्ही सांगताय ते शक्य आहे, आणि डबा बंद करून निराळ्या रीतीनं सुरू केला तर मुख्य नोंदीपर्यंत पोचता येतं. पण त्या वेळी चकतीचं काम थांबलेलं असेल, तुम्हाला अक्षरं काढता येणार नाहीत. दुसऱ्या कुणाचे तरी हात लागतील. मग एक ओळ सोडून तिनं लिहिलं होतं, 'वाक्‌सेतू बसवलेले बाकीचे लोक पडदा वापरत नव्हते. ती सोय मी फक्त तुम्हाला करून दिली होती. त्यांच्याकडून मला काहीच कळलेलं नाही. त्यांच्या घरचे सगळे समाधानी आहेत, असं ऐकते.'

गुरुवारी तिनं चंपाक्काला व्हिडिओ कॉल केला.

"ताई, मी हेमांगी. डबा बसवायला आले होते."

"ओळखलं की. जेवायचं सोडून गाडी गाठायला पळालीस ती."

"डब्यात बिघाड आहे. दुरुस्तीला तुमचे हात लागतील. बाळगोंडांनीच मला कळवलंय."

"बिघाड कसला? बोलालाय की चांगला."

"सांगते. आधी एक कीबोर्ड शोधा."

दुकानातलं सामान माळ्यावर होतं. चंपाक्कानं स्टुलावर चढून धुळीनं भरलेला एक कीबोर्ड काढला, पदरानं पुसला आणि सांगितल्या जागी त्याची तार खोचली. फोन तिनं पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला. हेमांगीनं सांगितल्याप्रमाणं डब्यामागचं बटण दाबून धरलं. डब्यातली बारीक घरघर थांबली. ती घरघर किती सतत चालू असायची हे बाळगोंडाला ती थांबल्यावर कळलं. आता त्याच्याजवळ आवाज नव्हता, परका आवाजही नव्हता, अक्षरं नव्हती.

पडद्यावर पांढरी अक्षरं सरकली आणि थांबली. हेमांगीनं एका कागदावर मोठ्या अक्षरांत काढलेली ओळ कॅमेऱ्यासमोर धरली. त्यातलं एकेक अक्षर कीबोर्डावर शोधायचं आणि दाबायचं, एवढंच चंपाक्काचं काम. ती एका बोटानं दाबत होती आणि प्रत्येक वेळी पडद्याकडं बघून खात्री करत होती.

"हे काय लिहालोय आपण?" तिनं मध्येच विचारलं.

"बाळगोंडांचं घर कुठलं, ते डब्याला सांगतोय. मध्यंतरी कंपनीनं ते बदललं. तेव्हापासून डबा बाळगोंडांचं थोडं ऐकतो आणि उरलेलं अंदाजानं भरतो. अशा वेळी लोक सहसा काय म्हणतात, ते."

चंपाक्काचं बोट अक्षरावर थांबलं. "म्हणजे आठवडाभर हा जे बोलला ते?"

"काही त्यांचं असेल. बरंचसं डब्याचं."

"मला जा म्हणाला, ते?"

"मला नाही सांगता येणार, ताई. ही ओळ पुरी केलीत की त्यांनाच विचारता येईल. नाही केलीत, तर डबा आत्तापर्यंत चालला तसा चालू होईल. त्यालाही कुणी चूक म्हणणार नाही."

चंपाक्कानं हात मांडीवर घेतले. कोपऱ्यात तिची बॅग भरून ठेवलेली होती, वर बाळंतविड्याचं गाठोडं. बाळगोंडाला ती पाठमोरी दिसत होती. तिच्या मानेवरचे केस पुरते पांढरे झाले होते. कधी झाले ते त्याला आठवेना. रोज ती याच खोलीत होती आणि तो रोज तिला पंखा कमी कर, उशी वर घे, असं सांगत होता.

ती वळली. डबा बंद होता, बघायला दुसरं काही नव्हतं, म्हणून असेल, तिनं थेट त्याच्या डोळ्यांत बघितलं. त्याचे डोळे हलायच्या आत ती म्हणाली, "थांब. डोळ्यानं सांगू नको. हो-नाहीवर भागायचं नाही माझं. तोंडानं सांग."

आणि पुन्हा फोनकडं वळून म्हणाली, "कागद जरा जवळ धर, पोरी. पुढचं अक्षर कळंना."

ती ओळ झाल्यावर हेमांगीनं आणखी एक लिहून घेतली, कंपनीकडून पुढं काही उतरू नये म्हणून. "आता त्यांचा आणि या डब्याचा संबंध संपला," ती म्हणाली. "बिघडला तर ते बघणार नाहीत. मला जमेल तोवर मी आहे."

डबा पुन्हा सुरू झाला. घरघर परतली. पडद्यावर पहिली ओळ आली, त्याचं नाव, डब्याचं नाव आणि नागमोडी खूण. बाळगोंडानं आत काय आहे तेही बघून घेतलं. या वेळी खूण खरी होती.

"बाळू?" चंपाक्का म्हणाली.

"हं." घोगरा, किंचित वैतागलेला.

"आला," तिनं फोनमध्ये सांगितलं, आणि हेमांगीचा निरोप घेऊन फोन ठेवला. मग खाटेजवळ स्टूल ओढून बसली. "विचारू?"

"विचार."

"मी जाऊ का त्रिशलाकडं?"

"नको."

शब्द इतक्या झटकन बाहेर पडला, की तो आपण विचार करून बोललो की डब्याला पाठ होता म्हणून निघाला, हे बाळगोंडालाही कळेना. शुक्रवारपासून याच एका शब्दासाठी तो धडपडत होता.

चंपाक्कानं मान हलवली. तिला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. कीबोर्डाची तार ती हाताभोवती गुंडाळू लागली. "वाटलंच होतं. पण मी जाणाराय, बाळू. तू हो म्हणालास म्हणून निघाले होते, आता नको म्हणालास तरी जाणाराय. भांडायचं असलं तर भांड. त्या दुसऱ्याशी भांडता येत नव्हतं. कायबी म्हटलं की चालेल, चालेल."

"केंद्र नको."

"मग शबानाच्या आईला विचारते, इथं येऊन राहतीय का. नाहीच जमलं तर केंद्र."

"परत?"

तिनं तार गुंडाळायची थांबवली. "येईन असं वाटतंय आज. तिकडं गेल्यावर काय वाटंल, आत्ता कसं सांगू?"

बाळगोंडा गप्प राहिला. डबाही गप्प राहिला. आठवड्यात पहिल्यांदाच दोघं एका वेळी गप्प होते.

"आणि एक सांग," चंपाक्का म्हणाली. "मी दमले असेन म्हणालास, ते तरी?"

माझं होतं, असं म्हणता आलं असतं. त्या दुपारी कपाळावर आलेला तिचा हात त्याला आठवला.

"डबा," तो म्हणाला.

"अस्सं."

ती कीबोर्ड उचलायला वाकली, त्यामुळं तिचा चेहरा त्याला दिसला नाही. उठून ती माळ्याकडं निघाली तेव्हा बाळगोंडानं मनात एकेक अक्षर नीट जुळवलं. तू दमलीस, अक्का. तो ते बोलला. डबा अडखळला. जुन्या साठ्यात 'नको' हजारदा होतं, 'गार' रोजचं होतं, पण हे वाक्य एकदाही नव्हतं. डब्यानं त्यातल्या त्यात जवळचं उचललं.

"दार लाव."

"लावते. ऊन यालंय खरं," चंपाक्का म्हणाली. तिनं कीबोर्ड खाली ठेवला, जाऊन दार लावलं आणि पुन्हा स्टूल हाताशी ओढलं.

बाळगोंडानं परत जुळवलं. या वेळी अधिक सावकाश.

"दार," डबा म्हणाला.

"लावलं की, बाबा."

शब्द वापरला की बसतो, असं हेमांगीनं अगदी सुरुवातीला सांगितलं होतं. किती वापरला की, ते सांगितलं नव्हतं. चंपाक्काची नाशिकची गाडी रविवारी होती. स्टुलावर चढून कीबोर्ड माळ्यावर ठेवायला ती हात उंच करत होती, आणि बाळगोंडा तिसऱ्यांदा पहिल्या अक्षरापासून सुरू करत होता. कधीच न बोललेलं वाक्य आपल्याच आवाजात यायला किती वेळ लागत असेल, आणि तोवर ऐकणारं माणूस थांबतं का?